मुतखडा आणि माझे पाण्याचे वेळापत्रक

मार्चच्या मध्यावर सोलापुरातल्या शाळा सकाळच्या होतात. सातला प्रार्थना होते, साडेअकराच्या पुढे सुट्टी होते आणि घरी परतताना डांबरी रस्त्यावरून उठणारी झळ चेहरा भाजून काढते. काही वर्षांपूर्वीपर्यंत या साऱ्या वेळात मी घोटभरही पाणी पीत नसे आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटतही नसे. शाळेत आम्ही चौदा शिक्षिका होतो. आमच्यासाठी एकच स्वच्छतागृह होते, त्यात नळ नव्हता, बादली भरलेली असेलच याची खात्री नसे आणि दाराची कडी आतून नीट लागत नसे. घरून निघताना पाणी न पिणे आणि शाळेत बाटलीला हात न लावणे हा त्यावर आम्ही सगळ्यांनी काढलेला मार्ग होता. नवी शिक्षिका रुजू झाली की पहिल्या आठवड्यातच तीही तो मार्ग धरत असे. तिला कोणी काही सांगावे लागत नसे.

मला मुतखड्याचा पहिला त्रास झाला तो २०१६ च्या मे महिन्यात. आमच्या भागात तेव्हा चार दिवसांआड पाणी येत असे, आणि त्या दिवशी आमची पाळी पहाटे तीनची होती. अंगणातल्या टाकीत पाइप सोडून मी पायरीवर बसले होते, तेवढ्यात डाव्या बाजूला, पाठीमागे बरगडीच्या खाली, आतून कोणीतरी पिळा द्यावा तशी कळ आली. सुरुवातीला मला वाटले की बादल्या उचलून उसण भरली असेल. पाच-सात मिनिटांत ती कळ कुशीतून पुढे सरकत ओटीपोटात आणि तिथून जांघेपर्यंत उतरली. उठून पाहिले, आडवी झाले, उकिडवी बसले, पण कशानेच उतार पडेना. उसण भरली असेल तर माणूस एका जागी निपचित पडून राहतो. मुतखड्याच्या दुखण्यात मात्र एका जागी राहवतच नाही, आणि हा फरक मला पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितला. दोन उलट्या झाल्यावर यजमानांनी मला स्कूटरवर मागे बसवून जवळच्या दवाखान्यात नेले.

वेदनाशामक इंजेक्शनाने अर्ध्या तासात बरे वाटले. सकाळी सोनोग्राफी झाली, तेव्हा मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या डाव्या नळीत ४ मिलिमीटरचा खडा दिसला. एवढ्याशा वस्तूने एवढा त्रास कसा होतो, असे मी विचारले. खडा टोचतो म्हणून दुखते ही बहुतेकांची समजूत असते आणि माझीही तीच होती. वास्तविक खडा वाटेत अडकला की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते, त्यावरचे आवरण ताणले जाते आणि नळी खड्याला पुढे ढकलण्यासाठी आकसत राहते. कळा लाटेसारख्या येतात त्या यामुळे. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडून जातात, असे सांगून डॉक्टरांनी नळी सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि लघवी गाळणीतून गाळायला सांगितले. नवव्या दिवशी गाळणीत मोहरीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, खरबरीत कण सापडला.

त्या दिवसांत सासूबाईंनी माझी फार काळजी घेतली. रोज रात्री हुलगे भिजत घालायचे, सकाळी उकळून त्याचे पाणी मीठ न घालता मला प्यायला द्यायचे, असा त्यांचा नेम होता. “पोरी, हुलग्याच्या पाण्यानं खडा विरघळतो. आमच्या माहेरी सगळे हेच करायचे,” असे त्या म्हणत. शेजारच्या काकूंनी कुंडीतली पानफुटीची पाने आणून दिली. या गोष्टींना मी नावे ठेवणार नाही, कारण त्यामागची माया खरी होती आणि त्या निमित्ताने दिवसाकाठी दोन-तीन पेले पाणी पोटात जास्त जात होते. मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे कॅल्शियम आणि पालकासारख्या पदार्थांतले ऑक्झलेट हे द्रव्य मिळून होणारा खडा, आणि आपल्याकडे बहुतेकांना तोच होतो, कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. युरिक आम्लाचा खडा लघवीतली आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतो; माझा खडा त्या जातीचा नसावा. पण हे मला तेव्हा कळलेच नाही, कारण गाळणीत सापडलेला तो कण मी तपासायला दिला नाही. कागदात गुंडाळून दोन दिवस जपून ठेवला, घरातल्या सगळ्यांना दाखवला आणि टाकून दिला. खडा पडला म्हणजे आजार संपला, असे मी धरून चालले होते. एकदा खडा झालेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत तो पुन्हा होतो, हे वाक्य त्या वेळी कोणी माझ्या कानावर घातले असते तरी मी ते गांभीर्याने घेतले असते की नाही, कोण जाणे.

जून उजाडला, शाळा सुरू झाली आणि माझे पाणी पुन्हा बंद झाले.

दुसरा प्रसंग २०१९ चा आहे. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसे तुळजापूरला पायी जातात, आणि त्या वर्षी आम्ही चार मैत्रिणीही निघालो. सुमारे ४५ किलोमीटरची ती वाट आहे. वाटेत ठिकठिकाणी चहा, केळी, दूध, पाणी देणारी माणसे उभी असतात आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. पण अंधारात रस्त्याच्या कडेला बायकांनी जायचे कुठे, हा प्रश्न तिथेही होता, म्हणून आम्ही चौघींनी ओठ ओले करण्यापुरतेच पाणी घेतले. खडा एका रात्रीत तयार होत नाही, तेव्हा त्या वाटचालीला मी दोष देत नाही. तो आतमध्ये केव्हापासून वाढत असावा. परतल्यावर आठ दिवसांनी कळ आली, ती मी ओळखली, घरात उरलेल्या गोळ्या घेतल्या आणि शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तो मी हवापालटाचा ताप समजून अंगावर काढला.

माझ्या हातून घडलेल्या चुकांपैकी ही सर्वांत मोठी चूक होती, आणि हे लिहायला घेण्याचे एक कारण तीच आहे. मुतखड्याच्या दुखण्याबरोबर ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी अगदी कमी झाली, तर घरी थांबू नये. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की तो रक्तात पसरू शकतो आणि मग काही तासांचाही विलंब जिवावर बेततो. मला दीड दिवसाने रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब खाली गेला होता. सीटी स्कॅनमध्ये ९ मिलिमीटरचा खडा नळीत रुतलेला दिसला. संसर्ग असताना खडा काढत नाहीत, म्हणून त्या रात्री मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी, ज्याला सगळे स्टेंट म्हणतात, ती घालून तुंबलेली लघवी मोकळी केली आणि सलाइनमधून प्रतिजैविके सुरू केली. तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून लेसरने खडा फोडून काढला. स्टेंट आत असतानाच्या त्या आठवड्यांत दर अर्ध्या तासाला लघवीची भावना होई आणि लघवी करून झाल्यावर कुशीत कळ उठे. ज्यांना स्टेंट घातला आहे त्यांनी तो काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. तो महिनोन्महिने आत विसरला तर त्याच्यावरच क्षार साचतात आणि काढणे अवघड होऊन बसते.

या वेळी खड्याचे तुकडे तपासणीला गेले आणि अहवालात कॅल्शियम ऑक्झलेट आले. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवून आणायला सांगितली. प्रयोगशाळेने दिलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये रविवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंतची सगळी लघवी साठवायची होती. मी विज्ञान शिकवते, मापनपात्र हाताळण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, तरी स्वतःच्या शरीराचे असे मोजमाप मी कधी केले नव्हते. चोवीस तासांची मिळून लघवी भरली ८५० मिलिलिटर. मी डॉक्टरांना म्हणाले, “अहो, पण मी रविवारी चांगले सात-आठ पेले पाणी प्यायले होते.” त्यावर ते म्हणाले, “मॅडम, किती पाणी पिता ते मला सांगू नका. किती लघवी होते ते सांगा. सोलापूरच्या उन्हात तुम्ही प्यालेल्या पाण्याचा निम्मा वाटा घामालाच जातो.”

त्यांचे हे बोलणे मला फळ्यावर मांडलेल्या गणितासारखे स्वच्छ दिसले. लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट दोन्ही असतातच. पाणी पुरेसे असेल तर ते विरघळलेले राहतात, पाणी कमी पडले की त्यांचे स्फटिक धरू लागतात. मीठ विरघळवून द्रावण आटवत नेले की तळाशी स्फटिक कसे दिसतात, हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना करून दाखवत होते आणि तोच प्रयोग माझ्या पोटात चालू होता. मुतखडा झालेल्या माणसाने दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे असे सांगितले जाते. हिवाळ्यात मला त्यासाठी सुमारे तीन लिटर पाणी पुरते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा चार लिटरही कधी कमी पडते. (हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार असलेल्यांनी मात्र पाणी वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, त्यांच्यासाठी जास्त पाणी घातक ठरू शकते.)

मग मी वेळापत्रक आखले. पहाटे साडेपाचला उठल्यावर अर्धा लिटर पाणी पिते आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला फिरायला जाते. परत आल्यावर अर्धा लिटर. शाळेत एक लिटरची स्टीलची बाटली नेते आणि ती चौथ्या तासाच्या आत संपवते. घरी आल्यावर एक लिटर, संध्याकाळी अर्धा लिटर आणि झोपण्यापूर्वी एक पेला. रात्री लघवीला उठावे लागते, ते मी आता त्रासाचे मानत नाही, कारण रात्रीच्या सात-आठ तासांत लघवी सर्वांत दाट होते. रोज मोजायला वेळ नसतो, म्हणून रंगावर लक्ष ठेवते. वाळलेल्या कडब्याचा फिकट पिवळा रंग असतो, त्याहून गडद रंग दिसला की पाणी कमी पडले असे समजते. महिन्यातून एका रविवारी मात्र मापनपात्र घेऊन मोजतेच.

हे सगळे कागदावर उतरवायला एक संध्याकाळ लागली. अंमलात आणायला जवळजवळ वर्ष लागले, कारण चौथ्या तासाच्या आत बाटली संपवायची तर पाचव्या तासाच्या आधी जायला जागा हवी. आजारपणाच्या रजेवरून रुजू झाल्यावर मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, दारही लावून घेतले नाही, आणि मला काय झाले होते ते स्पष्ट शब्दांत सांगितले. लघवी हा शब्द त्या खोलीत एखाद्या शिक्षिकेने उच्चारल्याचे त्यांना आठवत नसावे. ते आधी अवघडले, नंतर म्हणाले, “बाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आम्ही चौदाजणींनी मिळून वर्गणी काढली, संस्थेने उरलेली रक्कम घातली, आणि स्वतंत्र टाकी, नळ, नवी कडी आणि झाकणाची कचरापेटी एवढे काम मार्गी लागले. मध्ये टाळेबंदी आली आणि शाळाच बंद राहिल्या, पण मुले परतली तेव्हा नळाला पाणी होते. खर्च फार नव्हता. माझ्या एका शस्त्रक्रियेच्या बिलात तशी तीन स्वच्छतागृहे झाली असती, हा हिशेब मी नंतर मांडला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आहाराविषयी मला सर्वांत जास्त सल्ले मिळाले आणि त्यांतले पुष्कळसे चुकीचे होते. टोमॅटो बंद करा, दूध बंद करा, चुन्याचा खडा असतो म्हणून कॅल्शियम बंद करा, असे अनेकांनी आग्रहाने सांगितले. टोमॅटोत ऑक्झलेट फारसे नसते. दूध-दही बंद करणे तर उलट घातक आहे, कारण जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि ते शौचावाटे बाहेर पडते. कॅल्शियम नसेल तर तेच ऑक्झलेट रक्तातून लघवीत उतरते. पालक मात्र मी सोडला, त्यात ऑक्झलेट फार असते. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेणेही सोडले, कारण त्यातला काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो.

शेंगाचटणीचा प्रश्न मात्र अवघड होता. सोलापूरकराला शेंगाचटणी सोडायला सांगणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्या घरी ताटात डावीकडे ती असतेच, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि तिच्या जोडीला कडक भाकरी. शेंगदाण्यांत ऑक्झलेट बऱ्यापैकी असते आणि चटणीत मीठ असते, त्यामुळे ती बंद होणार असे मी मनाशी धरून आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी विचारले, “चटणी कशाबरोबर खाता?” मी म्हणाले, “दह्याबरोबर.” त्या म्हणाल्या, “मग तशीच खा. एक चमचा चटणी, वाटीभर दही, आणि चटणीत मीठ निम्मं करा.” आपल्या आज्यांनी चटणीचा तिखटपणा मारायला दही कालवले असेल, पण त्या दह्यातले कॅल्शियम हे दुसरे कामही करत होते, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला.

खरा बदल करावा लागला तो मिठात. माझ्या चोवीस तासांच्या तपासणीत सोडियम बरेच जास्त निघाले होते. मीठ जास्त खाल्ले की मूत्रपिंड सोडियमबरोबर कॅल्शियमही लघवीत सोडते. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, फरसाण यांनी ती आमच्या घरात दुपारपर्यंतच ओलांडली जात असे. भाकरीच्या पिठात आम्ही मीठ घालत नाही, ही जमेची बाजू होती. लोणचे आठवड्यातून एकदा ठेवले, वरून मीठ घेण्याची वाटी टेबलावरून उचलली. यजमानांचा रक्तदाबही त्यामुळे थोडा खाली आला, म्हणून त्यांनी कुरकुर केली नाही. रोज दोन लिंबांचा रस मी पाण्यात घालून पिते, तोही मीठ-साखरेविना. लिंबातले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि स्फटिक जमू देत नाही. माझ्या लघवीत तेच कमी निघाले होते.

आणखी एक समजूत आपल्या गावात फार पक्की आहे. बोअरचे जड पाणी प्याल्याने खडे होतात, असे सगळे म्हणतात. उजनीचे पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास करून सोलापुरात येते, पण रोज येत नाही, म्हणून मधल्या दिवसांत बोअरचे किंवा जारचे पाणी बहुतेक घरांत असते. पाण्याच्या जडपणाचा खड्यांशी संबंध असलाच तर तो अगदी थोडा आहे, असे मला दोन्ही डॉक्टरांनी सांगितले. जड पाणी नको म्हणून कमी पाणी पिणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचे नुकसान त्या कमी पाण्यानेच होते. पाणी चार दिवसांआड येण्याचा परिणाम मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. पाणी पुरवून वापरायची सवय घरच्या बाईच्या अंगात इतकी मुरते की ती पिण्याचे पाणीही पुरवून पिते. सासूबाई भर उन्हाळ्यात अर्धा पेला पाणी पीत आणि उरलेले अर्धे झाकून ठेवत. आता मी दुपारी त्यांच्या शेजारी बसते आणि आम्ही दोघी पूर्ण पेला पितो.

केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा सुरू केल्याचे मी वाचले होते. मी माझ्या वर्गापुरती ती सुरू केली, टेबलावरच्या पितळी घंटीने. मुलगे लगेच बाटल्या तोंडाला लावत. मुली मात्र बाटली हातात धरून बसत, दोन घोट घेत आणि झाकण लावत. त्यांच्याकडे पाहताना मला रुजू झाल्यानंतरचा माझा पहिला आठवडा आठवला. एका तासाला मुलांना मैदानावर पाठवून मी मुलींशी बोलले. एकीने सांगितले की मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसते. दुसरीला वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला होता आणि ते तिने आईशिवाय कोणालाही सांगितले नव्हते. शिक्षिकांसाठी नळ बसवून मी समाधानी होऊन बसले होते आणि वीस पावलांवरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात डोकावलेही नव्हते, याची खंत मला अजून आहे. ते काम पालकसभेतून झाले. सध्या दर सोमवारी दोन मुली टाकीची पातळी पाहून फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात.

या फेब्रुवारीत सोनोग्राफी झाली. उजव्या मूत्रपिंडात ३ मिलिमीटरचा एक खडा आहे, दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता. चोवीस तासांची लघवी २६०० मिलिलिटर भरली. परवापासून शाळा सकाळची होते आहे, म्हणून बाटलीची वेळ तासभर अलीकडे घेतली आहे आणि घंटी पिशवीत ठेवली आहे.